भान ठेवून चालणे: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भान ठेवून चालणं म्हणजे नेमकं काय? आम्ही रोज चालतोच की.

फरक एवढाच की चालताना लक्ष कुठे आहे. रोजच्या चालण्यात पाय आपले आपण चालतात आणि मन दुकानाच्या हिशेबात, नाहीतर काल कुणी काय बोललं त्यात असतं. इथे एक साधी गोष्ट धरायची, बहुधा तळव्याचा जमिनीला होणारा स्पर्श. मन सुटलं की, सुटल्याचं ध्यानात येताच त्याला परत त्या स्पर्शावर आणायचं. हे परत आणणं हाच सगळा अभ्यास आहे.

बौद्ध परंपरेत याला चंक्रमण म्हणतात. पाली ग्रंथांत त्याचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना साधलेली एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. दवाखान्यांतून आज जे शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात सुरू झालेल्या ताण कमी करण्याच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून आलं आहे. कुठल्याही धर्माच्या किंवा कुठलाच धर्म न मानणाऱ्या माणसाला ते करता येतं.

२. सुरुवात कशी करायची? पायरी-पायरीने सांगा.

वीस-तीस पावलांचा सरळ, सपाट तुकडा निवडा. अंगणापासून गोठ्यापर्यंत, गच्ची, मैदानाची एक कड, काहीही चालेल. आधी अर्धा मिनिट नुसतं उभं राहा आणि वजन दोन्ही पायांवर सारखं आहे का ते बघा. बहुतेकांचं एका बाजूला जास्त असतं.

मग नेहमीपेक्षा थोडं हळू चालायला लागा. टाच टेकते, तळवा टेकतो, बोटांवर भार येतो, मागची टाच उचलते, हा क्रम जाणवू द्या. सुरुवातीला मनातल्या मनात ‘उचललं, नेलं, टेकलं’ असं म्हटलं तर मदत होते. आठवडाभरात ते शब्द आपोआप गळून पडतात, मुद्दाम धरून ठेवू नका. नजर तीन-चार मीटर पुढे जमिनीवर असू द्या. स्वतःच्या पायांकडे बघत राहिलात तर मान आखडते आणि समोरचं काही दिसत नाही. टोकाला पोचलात की थांबा, एक श्वास घ्या, वळा, पुन्हा एक श्वास, मग निघा. वळताना मन हमखास सुटतं, म्हणून तिथलं थांबणं गाळू नका.

पहिला आठवडा दहा मिनिटंच. त्यातली शेवटची दोन मिनिटं पायांवरचं लक्ष सैल सोडा आणि वारा, आवाज, वास जे येईल ते येऊ द्या. दहा मिनिटं सहज जमायला लागली की पाच-पाच मिनिटांनी वाढवा. पहिल्याच दिवशी तासभर करणारे बहुतेक जण चौथ्या दिवशी सोडतात.

३. किती हळू चालायचं? फार हळू चाललं की तोल जातो.

जातोच. आपण साधारण मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावलं टाकतो. वेग फार कमी केला की प्रत्येक वेळी एका पायावर उभं राहण्याचा वेळ वाढतो, कमरेचे स्नायू थकतात आणि माणूस डुलायला लागतो. साठ ते ऐंशी पावलं पुरेशी आहेत. तरीही तोल जात असेल तर दोन पायांमध्ये आडवं चार बोटं जास्त अंतर ठेवा आणि पाऊल लहान टाका. कानाच्या त्रासाने चक्कर येणाऱ्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी नेहमीच्याच वेगाने चालावं. हळू चालणं हा लक्ष ठेवायला सोपं जावं म्हणून केलेला उपाय आहे, अट नाही.

४. सुरुवात होते खरं, दोन मिनिटांत मन भरकटतं. माझं काही चुकतंय का?

चुकत नाही. सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात, आणि सोडून देणाऱ्यांचं कारणही हेच असतं. मन भरकटलं हे कळलं, तो क्षण भानाचाच. दहा मिनिटांत पन्नासदा भरकटलं आणि पन्नासदा परत आलं, तर पन्नास वेळा सराव झाला. एकदाही भरकटलं नाही असं वाटत असेल, तर बहुधा ते कळलंच नाही.

परत कसं यायचं? मन जिथे गेलं होतं त्याला एका शब्दात नाव द्या: ‘हिशेब’, ‘भांडण’, ‘उद्या’. एकच शब्द. ‘मी पुन्हा त्या जमिनीच्या वाटणीचा विचार करत बसलो, असं का होतं’ असं पूर्ण वाक्य केलंत की ते वाक्यच नवा विचार होऊन बसतं. नाव दिलं की पुढचं पाऊल जिथे टेकेल तिथून सुरू करा. मागे वळून किती वेळ गेला ते मोजू नका आणि स्वतःवर चिडू नका. चिडचिड आलीच तर तिलाही नाव द्या: ‘चिडचिड’.

शहरात चालणाऱ्यांची एक अडचण खास आपल्या भागातली आहे. पाटी दिसली की डोळे ती वाचतातच. मग ती कन्नड आहे की मराठी, कुठल्या अक्षरात किती मोठी लिहिली आहे, यावरून विचारांची माळ लागते आणि कॉलेज रोडवरून निघालेला माणूस पाटीच्या वादात शिरून किल्ल्यापाशी भानावर येतो. तुमचं मत काय असावं हा इथे विषय नाही. ‘वाचन’ असं नाव द्या आणि तळव्याकडे या. सुरुवातीचे काही दिवस पाट्या नसलेली वाट निवडली तर बरं.

विसरता कामा नये असं काम आठवलं तर थांबून खिशातल्या कागदावर दोन शब्द लिहा आणि चाला. ते मनात घोळवत ठेवण्यापेक्षा हे बरं. फारच सैरभैर वाटत असेल त्या दिवशी पावलं एक ते दहा मोजा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. मोजता मोजता सतरावर पोचलात तर मन कधी सुटलं ते आपोआप कळतं.

५. श्वास पावलांशी जुळवायचा का?

जुळवता येतो, सक्ती नाही. सपाटीवर तीन पावलं श्वास आत, तीन किंवा चार पावलं बाहेर, हे बहुतेकांना सोसतं. चढावर दोन-दोन. राजहंसगडाच्या चढावर मात्र हे गणित मोडतं. तिथे श्वासाला त्याच्या गतीने जाऊ द्या आणि लक्ष मांड्यांवर ठेवा.

बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त श्वास घेताय. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ही लक्षणं येतात. मोजणं थांबवा, मिनिटभरात बरं वाटतं. दम्याच्या माणसांनी श्वास मोजूच नये, पाऊल पुरेसं आहे.

६. कुठे चालावं? जागा सुचवा.

आमचं ठाम मत: रोजची, साधी, थोडी कंटाळवाणी वाट उत्तम. नवी आणि देखणी जागा डोळ्यांना कामाला लावते आणि मन फोटो काढायच्या मागे लागतं. ओळखीच्या वाटेवर काल आणि आज यातला बारीक फरक दिसायला लागतो, आणि भान तिथेच धारदार होतं.

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतली झाडी, किल्ल्याच्या आतले रस्ते, किल्ला तलावाची कड आणि कॅम्पातले सावलीचे रस्ते सकाळी चांगले असतात. कॅम्पात लष्करी मनाईची पाटी असेल तिथून मागे फिरा. किल्ल्यातल्या कमल बस्तीपाशी, म्हणजे १२०४ सालच्या, रट्ट राजांच्या काळातल्या त्या दगडी जैन मंदिरापाशी, अनवाणी उभं राहिलं तर दगडाचा गारवा आणि उन्हातल्या फरशीचा चटका दोन पावलांच्या अंतरावर कळतो.

गावाकडे पाणंद सर्वांत सोयीची. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या भात शिवारात बांधावरून चालायचं तर मालकाला विचारा. नव्याने चिखल लावलेल्या बांधावर पाय देऊ नका, तो फुटतो आणि पाणी निघून जातं. बांधाच्या गवतात घोणस, नाग असू शकतात, म्हणून पाऊल दिसेल तिथेच ठेवा. साप चावलाच तर पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्या. घट्ट बांधणं, चिरा देणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका.

जमिनीचाही उपयोग करून घ्या. खानापूरकडची तांबडी, जांभ्याची माती कडक आणि खरखरीत असते, चालताना आवाज करते. पूर्वेला काळी माती लागते. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चपलेला किलोकिलोने चिकटते. पायाला हा फरक बरोबर कळतो, फक्त तिकडे लक्ष हवं.

७. कोणत्या वेळी चालावं?

जी वेळ रोज जमेल ती. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य साधारण सहाला उगवतो आणि जानेवारीच्या मध्यावर सातच्याही नंतर, त्यामुळे ‘पहाटे साडेपाच’ असा नियम वर्षभर पाळायचा तर थंडीत दीड तास अंधार मिळतो. अंधारात टॉर्च हवाच. उन्हाळ्यात आठच्या आत आटपा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. गडगडाट ऐकू आला की माळावरून निघा आणि पक्क्या घरात जा. एकट्या झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्यावरच बाहेर पडा.

८. आमच्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही. तेव्हा काय?

साध्या पावसात छत्री घेऊन चाला. रेनकोटची टोपी कान झाकते, छत्रीखाली मात्र थेंबांचा आवाज जवळून येतो आणि लक्ष ठेवायला पावलापेक्षा तो सोपा जातो. शेवाळलेला जांभा आणि घासलेली फरशी टाळा. झिजलेल्या चपला पावसाळ्याआधी बदला.

साचलेल्या पाण्यातून, भाताच्या खाचरातून पायाला जखम असताना जाऊ नका. उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत जोरदार दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा. जांबोटी-कणकुंबी बाजूला जळवा लागतात. जळू ओढून काढू नका, तिच्या तोंडाशी नख सरकवून सोडवा आणि साबणाने धुवा. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही.

पाऊस फारच असेल तर घराच्या सोप्यात दहा पावलं जा-ये करा. उघड्या दारातून पावसाचा आवाज येतो, तेवढं बाहेर असणं पुरतं.

९. अनवाणी चालणं जास्त चांगलं ना?

स्पर्श जास्त कळतो, हे खरं. कोरड्या, स्वच्छ, नजरेखालच्या जमिनीवर पाच-दहा मिनिटं जरूर चाला. पण जिथे माणसं किंवा कुत्री घाण करतात अशा ओलसर मातीतून अंकुशकृमी तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतात. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेही माणसाने अनवाणी चालूच नये, खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते (प्रश्न १४ही पाहा). त्यांच्यासाठी जाड, मऊ तळव्याची बंद चप्पल किंवा बूट.

१०. भीमगड, जांबोटी, कणकुंबीच्या जंगलात जाऊन केलं तर जास्त फायदा होईल का?

जंगल सुंदर आहे, यात वाद नाही. पण पायाकडे लक्ष लावून चालायची ती जागा नव्हे. खानापूर तालुक्यात अस्वलांचे हल्ले होतात, गवे आहेत, बिबटे आहेत. बिबट्या तर २०२२ मध्ये बेळगाव शहरातल्या गोल्फ कोर्स परिसरातही दिसला होता. भान आत वळवलेल्या माणसाला झुडपातली खसफस उशिरा कळते. भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नका. पावसाळ्यात धबधब्यांकडे जायला बंदी घातली जाते, ती पाळा.

परवानगी घेऊन, दोघातिघांनी, माहीतगार सोबत घेऊन गेलात तर पद्धत बदला. पायाऐवजी कानावर लक्ष ठेवा. जवळचा आवाज, लांबचा आवाज, मधली शांतता, असं फिरत राहा. दर थोड्या वेळाने एकमेकांशी मोठ्याने बोला, म्हणजे अस्वल अचानक समोर येत नाही.

डिसेंबर ते मे या काळात पश्चिम घाटाच्या जंगलात गोचिडांमुळे माकडताप पसरू शकतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्यावर आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

११. ऊस हंगामात रस्त्याने चालणं धोक्याचं वाटतं.

वाटतं ते बरोबर आहे. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे तोडणी सुरू झाली की दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर रात्री-पहाटे धावतात. मागच्या ट्रेलरला दिवा नसतो आणि वळणावर तो आत येतो. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. फिकट कपडे घाला. हमरस्त्यावर सराव करूच नका, पाणंद गाठेपर्यंत नुसतं चाला. पाचट पेटवलेलं असेल त्या दिवशी त्या बाजूला जाऊ नका.

निपाणीतून आणखी एक तक्रार येते, तंबाखूच्या उग्र वासाची. नाकात खाट (झोंबणारा वास) बसून शिंका येत असतील तर वाट बदला. फक्त नावडता वास असेल तर तो सरावाला उत्तम आहे. वास आला, नाक आकसलं, ‘नको’ असं मनात आलं, हे तिन्ही वेगवेगळं दिसतं का बघा.

१२. बाई एकटी हळू चालली की लोक बघतात, काय झालं म्हणून विचारतात.

म्हणून हळू चालूच नका. नेहमीच्या वेगाने, पिशवी हातात घेऊन, भाजी आणायला निघाल्यासारखं चाललात तर बाहेरून काही कळत नाही आणि आतला सराव तसाच चालतो. वर्दळीची वेळ निवडा, घरी वाट सांगून निघा, फोन आवाज बंद करून जवळ ठेवा. कुणी मागे येतंय असं वाटलं तर ‘हा नुसता विचार आहे’ म्हणत बसू नका. दुकानात शिरा, फोन करा. भीतीने दिलेली सूचना ऐकणं हेही भानच.

१३. नामस्मरण करत चाललं तर चालेल का? वारीत आम्ही हेच करतो ना?

चालेल. नाम हा लक्ष ठेवायचा आधार आहे, जसं पाऊल आहे. टाळाच्या ठेक्यावर पडणारं दिंडीतलं पाऊल, कपिलेश्वरातली प्रदक्षिणा, यात हा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या होतच आला आहे. एकच तपासून बघा: ओठ नाम घेतायत आणि मन बाजारात आहे, असं होतंय का? झालं तर प्रश्न ४ मधलंच करायचं, फक्त परत नामावर यायचं. नाम आणि पाऊल दोन्ही एकदम धरायचा हट्ट नको.

१४. मधुमेह आहे. डॉक्टरांनी जोरात चालायला सांगितलंय. याने भागेल का?

नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही इतका दम. हळू चालण्यात तेवढे श्रम होत नाहीत. दोन्ही जोडा: पाच मिनिटं सावकाश, वीस मिनिटं जोरात, पाच मिनिटं पुन्हा सावकाश. जोरात चालतानाही लक्ष हातांच्या झोक्यावर ठेवता येतं. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली साखर आटोक्यात ठेवायला चांगली, आणि ती भान ठेवून करायला छान.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला, तर ते निरखत बसू नका. तीन चमचे साखर तोंडात टाका आणि बसा. छातीत दुखणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं यालाही हेच लागू: थांबा आणि मदत मागा.

१५. चालताना छातीत धडधड वाढते, कधी रडू येतं. थांबवू का?

गप्प चाललं की दाबून ठेवलेलं वर येतं. दुःखाच्या दिवसांत थोडं रडू येणं नैसर्गिक आहे. ते येऊ द्या आणि चालत राहा. पण धडधड वाढत जात असेल, जुना प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडत असेल, तर शरीराकडे लक्ष देणं लगेच सोडा. थांबा, डोळे उघडे ठेवा आणि बाहेरचं मोजा: दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, तीन आवाज, दोन वास, तोंडातली एक चव. पुढचे काही दिवस सोबत घेऊन, नेहमीच्या वेगाने, फक्त बाहेरच्या आवाजांवर लक्ष ठेवून चाला.

तरीही तसंच होत राहिलं, झोप उडाली, जगावंसं वाटेना, तर टेली मानस १४४१६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोला. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, तिथेही जाता येतं. चालणं सुरू केलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

१६. कुत्री मागे लागतात. शांत कसं राहायचं?

पळू नका. थांबा, हात अंगाशी, नजर त्याच्या डोळ्यांत न रोखता बाजूला ठेवा आणि हळूहळू मागे सरका. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

१७. मोबाइलवर ॲप लावून, इअरफोन घालून करू का?

पहिले दोन-तीन दिवस सूचना ऐकायला एका कानात, रहदारी नसलेल्या जागी, ठीक. नंतर काढा. पावलं मोजणारं घड्याळ असेल तर आकडा घरी येऊन बघा. मध्ये बघितलं की लक्ष आकडा वाढवण्याकडे जातं.

१८. आमच्याकडे वेळच नाही. शेतात जाता-येता, डोक्यावर भारा असताना केलं तर चालतं का?

जाताना रिकाम्या हाताने असाल तेव्हा करा. पूर्ण वाटेवर नको. घराच्या उंबऱ्यापासून पहिल्या आंब्यापर्यंत, किंवा ओढ्यापासून विहिरीपर्यंत, असा एक तुकडा ठरवा आणि रोज तोच ठेवा. भारा डोक्यावर असताना सगळं लक्ष मानेच्या तोलावर आणि पुढच्या पावलाच्या जागेवर असतंच, त्यात वेगळं काही मिसळू नका. शहरात कामावर जाणाऱ्यांनी बसथांब्यापासून कचेरीपर्यंतचा शेवटचा तुकडा घ्यावा. वाटेत रेल्वे फाटक बंद मिळालं तर उभ्या जागी दोन्ही तळव्यांवरचं वजन तपासा. फाटक उघडलं की मात्र रूळ ओलांडेपर्यंत नजर दोन्हीकडे ठेवा, सराव पलीकडे गेल्यावर.